न्हाई, आल्ता

अंबडच्या रस्त्याला आमचं घर आहे. दिवाळी उलटली की घरासमोरून उसाचे ट्रॅक्टर जायला लागतात. एकामागे दोन दोन ट्रॉल्या, वर गाण्यांचा दणदणाट, आणि मागे रस्त्यावर सांडलेली टिपरं. अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडे निघालेली ही रांग सकाळी दूध येण्याआधी सुरू होते, ती दिवसभर संपत नाही. ओट्यावरच्या कपबशा किणकिणतात. आमच्या शेजारणीला ते आवडतं. ती म्हणते, हंगाम सुरू झाला की गावात जीव आल्यासारखं वाटतं. मलाही पूर्वी तसंच वाटायचं.

यंदा हंगाम सुरू झाला आणि त्याच आठवड्यात साप्ताहिकाच्या संपादकांचा फोन आला. "मॅडम, ते तुमचं कोर्टाचं शब्दकोडं पुन्हा द्या ना. वाचक अजून आठवण काढतात." मी हो म्हणून बसले. अकरा बाय अकराची चौकट आखली, काळी घरं भरली. समोरून दोन ट्रॉल्या गेल्या आणि माझी पेन्सिल थांबली. चार दिवस झाले, चौकट तशीच पडून आहे.

मी तालुक्याच्या कोर्टात टंकलेखक होते. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी ती रोज चढायचे, आणि वर पगार घ्यायचे. जाताना बस, येताना बहुधा जीप, मांडीवर डबा आणि डब्याखाली वही. त्या वहीत कोडी. मराठी विषय घेऊन शिकले, शिक्षिका व्हायचं राहून गेलं, आणि शब्दांची खाज काही जाईना. म्हणून आमच्या जिल्ह्यातल्या एका छोट्या साप्ताहिकाला दर आठवड्याला शब्दकोडं द्यायला लागले. नावासकट छापून यायचं. कोर्टातले वकील चहा पिता पिता ते सोडवायचे आणि अडले की माझ्या टेबलाकडे बघायचे. मी उगाच फाईल चाळत बसायचे. त्या बघण्याचा मला किती शौक होता, ते आता सांगायला लाज वाटते.

कोर्टाचं विशेष कोडं मी पहिल्यांदा रचलं ते त्याच हंगामात, ज्याबद्दल मला सांगायचं आहे. शब्द समोरच पडलेले होते, नुसते वेचायचे. 'कोर्टातला रफार काढा, वकिलाच्या अंगावर येईल, दोन अक्षरं': कोट. 'जमिनीला एक काना द्या, माणूस सुटेल, तीन अक्षरं': जामीन. 'भिंतीवर टांगलेली असते, कोर्टात नुसती पडते': तारीख. 'लागेल उद्या म्हणतात, पण पोटात काल': निकाल. साक्षीदारासाठी लिहिलं होतं, 'शेवटी दार असूनही पळता न येणारा'. आणि माझा सगळ्यात लाडका म्हणजे न्यायाधीश. या शब्दाचं पहिलं नि शेवटचं अक्षर झाकून बघा, मधे उरतं 'याधी'. 'याधी काय घडलं ते ज्यांच्या पोटात असतं, चार अक्षरं.' हे सुचलं तेव्हा मी जीपमध्ये एकटीच हसले होते आणि शेजारची बाई सरकून बसली होती.

आमचे त्या वेळचे न्यायाधीश कोकणातले. माणूस सज्जन, कामाला चोख, पण इकडची बोली त्यांच्या कानाला नवीन. साक्षीदार बोलायचा, सर ते नीटनेटक्या मराठीत सांगायचे आणि मी टंकायचे, अशी पद्धत. पण पिंजऱ्यातला माणूस "म्या तं तवा वाटूरला गेल्तो" म्हणाला की सर माझ्याकडे वळायचे. "काय म्हणाले ते?" मी सांगायचे, "त्या वेळी वाटूरला गेलो होतो, सर." हळूहळू हे रोजचंच झालं. एकदा त्यांनी दोन वकिलांसमोर म्हटलं, "या बाई आहेत म्हणून मला इथली भाषा कळते." मी घरी येऊन हे वाक्य सासूबाईंना सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, फोनवर बहिणीलाही सांगितलं.

कौसाबाई त्या हंगामातली. गोदाकाठच्या एका गावची, घनसावंगीहून पुढे जीपनं जावं लागतं. साठीची असेल. घरी चार एकर रान, मेंढरांचा बारका कळप, अंगानं काटक, कपाळभर कुंकू. सासरे मेंढरांमागं फिरले, नवऱ्यानं शेती धरली, असं ती सांगायची. तिचा दावा रस्त्याचा होता. तिच्या शेतात जायची गाडीवाट शेजारच्या दत्ताच्या बांधावरून जात होती. दत्ताच्या वडिलांनी ती कबूल केली होती, चार माणसांदेखत दगड रोवून दिले होते. म्हातारा गेला आणि दत्तानं वाट नांगरली. कौसाबाईच्या रानात दीड एकर ऊस उभा होता. ऊस तोडून बांधाबांधानं डोक्यावर किती वाहणार? कारखान्याचं वाहन शेतापर्यंत गेलं पाहिजे, त्याला वाट पाहिजे, आणि वाट पाहिजे म्हणून कोर्ट. दावा एवढाच होता.

तारखेच्या दिवशी ती सकाळीच यायची आणि व्हरांड्यात माझ्या खिडकीखाली बसायची. मी डबा उघडला की खिडकीतून म्हणायची, "माय, जेवली का?" मी तिला मावशी म्हणायला लागले. तिला वाचता येत नव्हतं, पण हुमान घालण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. हुमान म्हणजे आपलं कोडंच, फक्त तोंडी. व्हरांड्यात बसल्या बसल्या ती कोर्टाचीच हुमानं रचायची.

"सांग माय. तीन डाव हाक मारतो, पाव्हना न्हाई का सोयरा न्हाई."

"पट्टेवाला!" नाव पुकारणारा पट्टेवाला दारात उभाच होता, त्यालाही हसू आलं.

"बराबर. आता दुसरं. वर बसतो, खाली पाह्यतो, समदे त्यालाच सांगते, त्यो कुनाला सांगत न्हाई."

तिचं हे दुसरं, न्यायाधीशांचं, मी थोडं घासूनपुसून माझ्या एका कोड्यात घातलं. पट्टेवाल्याचंही घातलं. खाली नाव माझं. तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती खूशच झाली असती, पण मग ते माझं राहिलं नसतं. ही चोरी लहान होती, आणि तिच्यावर मी फारसा विचारही केला नाही.

तिची साक्ष आली तेव्हा हंगाम ऐन भरात होता. कोर्टाच्या खिडकीतून रस्ता दिसायचा, ट्रॉल्या दिसायच्या. उलटतपासाचा दिवस होता. कौसाबाई पिंजऱ्यात उभी राहिली, पदर डोक्यावर घेतला, आणि शपथ घेतली. मी की-बोर्डवर हात ठेवून बसलेले, आणि डोक्यात लख्ख काहीतरी पेटलं. शपथ. श झाकला की पथ. शपथेच्या पोटात वाट! समोर दावा वाटेचा, आणि शब्दातही वाट. 'घेतात सगळे, पण तिच्यातल्या वाटेनं जाणारे थोडे, तीन अक्षरं.' त्या दिवशीच्या खटल्यांच्या यादीचा पाठकोरा कागद शेजारी होता. त्यावर मी पटकन लिहून घेतलं. मग 'थोडे' बरं की 'विरळा' बरं, यावर मन अडकलं.

दत्ताच्या वकिलांनी बरेच प्रश्न विचारले. मी टंकत होते, पण हात टंकत होते आणि डोकं चौकटीत होतं. मग त्यांनी विचारलं, "दगड रोवले, त्या वेळी दत्ता तिथं आला नव्हता. बरोबर?"

कौसाबाई म्हणाली, "न्हाई." त्याच क्षणाला बाहेर पट्टेवाल्यानं पुढच्या खटल्याचा पुकारा केला. तो संपला तशी ती म्हणाली, "आल्ता."

सर माझ्याकडे वळले. "काय म्हणाल्या त्या? आला नव्हता, असंच ना?"

मी म्हणाले, "हो, सर."

सरांनी सांगितलं आणि मी टंकलं: 'दगड रोवतेवेळी प्रतिवादी हा हजर नव्हता हे म्हणणे खरे आहे.' कौसाबाईचे वकील पुढच्या खटल्याची फाईल चाळत होते. शेवटी साक्ष वाचून दाखवली. वादी कोण आणि प्रतिवादी कोण, हे तिला पहिल्या तारखेपासून कळलेलं नव्हतं. तिच्या लेखी एक ती होती आणि एक दत्ता. ती माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "तुमी लिवलं म्हंजी बराबरच आसंन." आणि अंगठा उमटवला.

शब्दकोड्यात स्वल्पविरामाला घर नसतं. 'न्हाई, आल्ता' आणि 'न्हाई आल्ता' ही चौकटीत एकसारखीच बसतात, चार चार घरं. पण बोलणाऱ्या माणसाच्या तोंडात त्यांच्यामधे अख्खी गाडीवाट असते. 'न्हाई' म्हणजे तुमचं म्हणणं खोटं, 'आल्ता' म्हणजे तो आला होता. आमच्याकडे लहान पोरालाही हे कळतं. मी इथलीच, याच बोलीत वाढलेली. सरांना कळलं नाही हे मी समजू शकते.

मला कळलं ते त्याच संध्याकाळी, चहाच्या वेळी. सासूबाई जात्याजवळ बसल्या होत्या. मी विचारलं, "तुम्ही अजून औषध घेतलं नाही ना?" त्या म्हणाल्या, "न्हाई, घेतल्तं की मघाच." मी "बरं" म्हणाले आणि वळले. गाळणं हातात तसंच राहिलं. मला कौसाबाईचा आवाज आला, पुकाऱ्याच्या अलीकडचा एक शब्द आणि पलीकडचा एक. ध चा मा करणाऱ्याला निदान माहीत तरी असतं की आपण ध चा मा करतोय. मी तर शपथेवर कोडं रचत होते.

दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं. सरांच्या खोलीत जाऊन एवढंच म्हणायचं होतं, 'सर, काल माझी ऐकण्यात चूक झाली, साक्षीदाराला पुन्हा बोलवा.' सर रागावले असते, पण त्यांनी बोलावलं असतं. ते तसेच होते. नोकरी जाण्याची भीती नव्हती, हे मी आज कबूल करते; त्या वेळी स्वतःला तेच सांगत होते. खरी गोष्ट एवढीच की 'या बाई आहेत म्हणून मला इथली भाषा कळते' हे वाक्य मला गमवायचं नव्हतं. मी फाईल उघडली, ते वाक्य वाचलं, आणि फाईल जागेवर ठेवली. तिचे वकील आहेत, ते बघतील, असं मनाशी म्हटलं. त्या आठवड्यात माझं कोर्टाचं कोडं छापून आलं. शपथेची ओळ सगळ्यांना आवडली. 'थोडे'च ठेवलं होतं.

वकिलांनी काही बघितलं नाही. ऊस रानात वाळत राहिला, त्याला तुरे आले. कौसाबाई तारखेला यायची, खिडकीखाली बसायची, पण मी आता डबा आतल्या खोलीत खायला लागले होते. चोराच्या मनात चांदणं. ती फक्त "माय, जेवली का?" म्हणायची आणि मला वाटायचं, हिला सगळं माहीत आहे.

कारखान्याचा पट्टा पडायच्या, म्हणजे गाळप संपायच्या सुमारास, उन्हाळा लागता लागता, निकाल आला. तो मीच टंकला. 'वादीने सरतपासात प्रतिवादी हजर होता असे सांगितले असले, तरी उलटतपासात तिने स्वतःच याच्या विरुद्ध कबुली दिली आहे. सबब तिच्या साक्षीवर विसंबता येत नाही.' यातला प्रत्येक स्वल्पविराम मी बरोबर जागी टाकला. निकाल एका वाक्यावर उभा नसतो, दुसरीही कारणं होती, हे मला कोर्टातल्या नोकरीनं शिकवलं आहे. पण ते वाक्य काढलं असतं तर बाकीची कारणं किती वेळ उभी राहिली असती, हेही मला त्याच नोकरीनं शिकवलं आहे.

कौसाबाई व्हरांड्यात उभी होती. सोबत तिचे मालक, ज्ञानोबा. वकील त्यांना सांगून निघून गेले होते की बाई साक्षीत गडबडली. ज्ञानोबा तिला सगळ्यांदेखत म्हणाले, "तुह्याच तोंडानं घालवलं. घरात तं लई बोलतीस." ती सरळ माझ्या खिडकीशी आली.

"माय, म्या तं आल्ता म्हन्लतं. तू हितंच बसलती. तू काय आयकलं?"

तिच्या मागे ज्ञानोबांचा चेहरा, पट्टेवाला, दोन वकील. एकच शब्द बोलायचा होता.

मी म्हणाले, "मला आठवत नाही, मावशी. दिवसाला दहा साक्षी असतात."

ऐकण्यातली चूक कुणाचीही होते, असं माझी मीच समजूत घालू शकते. या वाक्याची समजूत मला आजवर घालता आलेली नाही. हे मी कोडं रचत असताना बोलले नव्हते. डोकं पूर्ण ठिकाणावर होतं.

त्यानंतर ती दिसली नाही. अपील झालं नाही, हे फाईल बंद झाली तेव्हा कळलं. सर बदलून गेले. मी पुढे निवृत्त झाले, समारंभ झाला, भाषणात कुणीतरी माझ्या कोड्यांचं कौतुक केलं. दर हंगामाला ट्रॅक्टर जातात आणि मी मनातल्या मनात मोजते, यात दीड एकराचं वाहन नाही. अकरा हंगाम झाले. शेजारीण विचारते, तुम्ही एवढ्या गप्प का होता हो या दिवसांत? मी म्हणते, आवाजानं डोकं दुखतं.

पाचव्या दिवशीही चौकट भरेना, तेव्हा मी घनसावंगीची जीप धरली. तिथून दुसरी. फाट्यावर उतरून कौसाबाईचं शेत विचारलं. एक माणूस म्हणाला, "वढ्यातून जावा, हिकडून काट्या लावल्यात." दोन बांधांमधे बाभळीच्या काट्यांचा ढीग दिसला, त्याच्या पलीकडे वाटेसारखं काही राहिलेलंच नव्हतं. मी ओढ्यातून गेले. चांगलं अर्ध्या तासाचं चालणं झालं, चपलेत वाळू भरली.

कौसाबाई आखाड्यावर, म्हणजे रानातल्या झोपडीसमोर, गेल्या सालची तूर पाखडत बसली होती. केस पूर्ण पांढरे झालेले. मला तिनं लगेच ओळखलं. "आगं माय, टाइपवाली बाई!" म्हणाली, पाणी दिलं, पोतं अंथरलं. रानात तूर होती, थोडी कपाशीची पऱ्हाटी होती. ऊस नव्हता. माझी नजर तिनं पाहिली असावी. "ऊस लावून काय करावं? काढावा कुठून? तूर डोक्यावर येती, बिचारी."

मी सगळं सांगितलं. प्रश्न काय होता, पुकारा कधी झाला, सरांनी काय विचारलं, मी काय म्हणाले. तिनं खिडकीशी येऊन विचारलं तेव्हा मला सगळं आठवत होतं, हेही सांगितलं.  तिचं सूप थांबलं नाही.

मग ती म्हणाली, "हे मला कशाला सांगून राह्यली? म्या काय बोल्ले ते मला ठावं व्हतंच. त्याह्यला सांग." आणि तिनं हाक मारली. गोठ्यामागून ज्ञानोबा आले, सून आली, शेजारच्या रानात निंदणाऱ्या दोघी बाया आल्या. "बसा समदे. आन माय, मोठ्यानं सांग. ह्याह्यला कमी ऐकू येतं."

मी पुन्हा सांगितलं. ज्ञानोबांना कळेना. ते कानाला हात लावून पुढे वाकले. मला ओरडून बोलावं लागलं, उघड्या रानात, अनोळखी बायांसमोर. "मावशी बरोबर बोलल्या होत्या! मीच चुकीचं सांगितलं! मग खोटंही बोलले!"

ज्ञानोबांनी कानावरचा हात काढला. "म्हंजी हिनं आल्ता म्हन्लं व्हतं?"

"हो, काका."

"अकरा साल म्या हिलाच बोल्लो," ते म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. मग उठले आणि मेंढरांकडे गेले. बायाही हळूहळू पांगल्या. सुनेनं चहाचं विचारलं नाही, आणि तिनं विचारावं असं मलाही वाटलं नाही.

कौसाबाईनं तूर गोळा केली, सूप झटकलं. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. "तवाच बोल्ली आसतीस," ती म्हणाली, "तं अपील करता आली आसती."

मी म्हणाले, "हो."

 मी चपला घातल्या आणि निघाले, ती सरळ समोर दिसणाऱ्या बांधाच्या दिशेनं. मागून तिनं हाक मारली.

"तिकडून कुठं माय? वढ्यातून जाय. त्यो रस्ता बंद हाय."